पायी हिंडून पुस्तके लिहिणारा माणूस

(खुटबाव येथे प्रौढ वाचकांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षरे ओळखू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, सातबाऱ्यावरचे नाव वाचता, दुकानदाराने मांडलेला हिशेब स्वतः तपासता. काही जणांनी तर वर्गाच्या पेटीतून गोष्टीची पुस्तके घरी न्यायला सुरुवात केली आहे. फार चांगले झाले. पण गोष्टीचे पुस्तक हातात आले की एक अडचण उभी राहते. छापलेले दिसले की आपण ते खरे धरून चालतो. सातबारा छापील, पंचांग छापील आणि कादंबरीही छापील. मग तिन्ही सारखीच खरी का? शिवाजी महाराजांच्या काळावर लिहिलेल्या कादंबरीत एखादा मावळा काही बोलतो. तो खरोखर तसे बोलला होता का? ते ऐकायला तिथे कोण होते?

हा प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. याच्यावरून पारावर भांडणे होतात. मोबाईलवर रोज सकाळी कुणीतरी इतिहास पाठवतो, आणि संध्याकाळपर्यंत तो साऱ्या गावाला पाठ होतो. म्हणून म्हटलं, अशी पुस्तके तयार कशी होतात हे आज बघू. लिहिणारा माणूस कुठे जातो, काय बघतो, कुणाला विचारतो, हे कळले की पुस्तक कसे वाचावे तेही कळेल. त्यासाठी एकाच लेखकाची हकीकत सांगतो. त्यांचे नाव गोपाळ नीळकंठ दांडेकर. वाचक त्यांना प्रेमाने गोनीदा म्हणत.

दांडेकरांचा जन्म १९१६ साली परतवाड्याला झाला. परतवाडा हे अमरावती जिल्ह्यातले गाव. त्याच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत. घराणे मूळचे कोकणातले. शाळा झाली सातवीपर्यंत. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. बारा-तेरा वर्षांचे हे पोर देशासाठी काहीतरी करायचे म्हणून घरातून निघून गेले. कुठे जायचे, काय खायचे, रात्री कुठे पडायचे, कशाचा पत्ता नाही. मागे राहिलेल्या आईबापांच्या जिवाची काय गत झाली असेल, ते तुम्हाला सांगायला नको. पोरांनी घर सोडावे असे मी म्हणत नाही, बरं का. जे घडले ते सांगतो.

हिंडता हिंडता त्यांची गाठ गाडगे महाराजांशी पडली.

गाडगेबाबा तुम्हाला ठाऊक आहेत. हातात खराटा, जवळ मातीचे गाडगे, अंगावर चिंध्या. गावात शिरले की दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांना प्रश्न विचारणे. देव कुठे राहतो? कर्ज काढून सण कशाला करता? पोरगं शाळेत का घातलं नाही? समोरच्यांनी उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातून बाबांचा पुढचा प्रश्न निघायचा. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी हजारो माणसे रात्रभर जागची हलत नसत. आपल्यासारख्यांच्या शिक्षणासाठी ज्यांनी उभा जन्म घालवला, असा हा माणूस. ते १९५६ साली वारले.

पोरवयातल्या गोपाळने हे सारे जवळून पाहिले. बाबांबरोबर तो काही वर्षे हिंडला. मला वाटते, त्यांच्या लिहिण्याची खरी शाळा हीच. गोष्ट सांगताना समोर माणूस बसला आहे याचे भान ठेवायचे, शब्द त्याच्या ओळखीचा वापरायचा, हे त्यांना इथे मिळाले असणार. सातवी शिकलेल्या मुलाने पुढे ढीगभर पुस्तके लिहिली, त्यात गाडगे महाराजांचे चरित्रही लिहिले.

नंतर ते निरनिराळ्या गुरूंच्या पायाशी बसून संस्कृत आणि वेदान्त शिकले. औंधला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे मासिकांच्या संपादनाचे काम केले. पण पाय एका जागी ठरत नव्हते. त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली.

परिक्रमा म्हणजे काय ते थोडे सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगवते आणि भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. लांबी सुमारे १,३०० किलोमीटर. नदी सदा उजव्या हाताला ठेवायची, मध्येच पात्र ओलांडायचे नाही, एका काठाने जायचे आणि दुसऱ्या काठाने परत यायचे. म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल झाली. जुना रिवाज असा की गाठीला पैसा बांधायचा नाही. गावात जे मिळेल ते मागून खायचे. तुमच्यातली पुष्कळ मंडळी वारीला जातात. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते, तेव्हा सारा मुलूख तिकडे लोटतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तशा दहा वाऱ्या एकामागून एक केल्या, मध्ये घरी आलो नाही, संगतीला दिंडी नाही, तंबू नाही, असे समजा. म्हणजे ती परिक्रमा.

अशा चालीत माणसाला काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे परक्याच्या दारात उभे राहण्याची सवय. भाकरी मागायची तर आधी बोलावे लागते, आणि बोलायचे तर ऐकावे लागते. कुठे कोणता शब्द चालतो, कोणता माणूस कशाने रागावतो, कशाने विरघळतो, हे चालणाऱ्याला कळते. मोटारीतून जाणाऱ्याला फक्त हॉटेलवाला भेटतो. या परिक्रमेतून त्यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. लहानपणापासूनच्या भटकंतीची हकीकत त्यांनी ‘स्मरणगाथा’ या पुस्तकात सांगितली. त्या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. त्याच सुमारास त्यांनी ठरवले की आता लिहूनच पोट भरायचे. आपल्याकडे कीर्तन करून, पोवाडे गाऊन पोट भरता येते. पुस्तके लिहून भरणे महाकठीण. तरी ते धाडस त्यांनी केले. बिऱ्हाड केले तळेगाव दाभाड्याला. तिथून लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले जवळ. राजगड आणि रायगड जरा लांब, पण जिथे पाय तयार आहेत तिथे लांब काय आणि जवळ काय! एकेका गडावर ते पुन्हा पुन्हा गेले. त्या काळी गडावर जायला आजच्यासारखी गर्दी नव्हती. वाट दाखवायला गडाखालच्या वाडीतला माणूसच लागायचा.

आता कुणी म्हणेल, किल्ला एकदा पाहिला की झाले, पुन्हा पुन्हा कशाला? राजगडाचेच उदाहरण घ्या. तिथे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. माची म्हणजे डोंगराची पुढे आलेली सपाट सोंड, तटाने बांधून काढलेली. मधोमध बालेकिल्ला उंच उभा. गडावर यायच्या वाटा निरनिराळ्या. पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची, पालखी येईल अशी. चोर दरवाजाची वाट उभी, हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. संजीवनी माचीला तटाच्या आत आणखी तट घातला आहे. बाहेरचा तट शत्रूने घेतला तरी आतल्या तटावरून त्याच्याशी लढता यावे, ही त्यातली हुशारी.

घरी बसून लिहिणारा लेखक चोर दरवाजातून घोडेस्वार वर आणील! ज्याला त्या वाटेवर स्वतःला धाप लागली आहे तो असे लिहिणार नाही. एका माचीवरून हाक मारली तर दुसऱ्या माचीवर ऐकू जाते का, पावसाळ्यात धुके किती वेळ राहते, रात्री कोणत्या बाजूने वारा येतो, पाण्याचे टाके कुठल्या महिन्यात आटते, हे कागदावर नसते. ते दोन-तीन ऋतू तिथे काढल्याशिवाय कळत नाही. आपल्यालाही हे नवीन नाही. विहिरीला किती पाणी आहे हे पाऊस झाल्यावर आलेल्या पाहुण्याला काय कळणार? वैशाखात तिच्यात उतरलेल्यालाच ते ठाऊक.

शिवकाळावर त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची नावे अशी: ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’.

पण गडाचे दगड बोलत नाहीत. बोलतात ती गडाखालची माणसे. आणि दांडेकरांच्या पुस्तकांचा मोठा साठा इथे आहे, असे मला वाटते. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही त्यांची कादंबरी मावळातली. धोंडीच्या घराण्यात तुंग किल्ल्याची हवालदारकी चालत आलेली. किल्ल्याचे राज्य गेले, पहारे गेले, तोफा गेल्या. तरी घराण्याचा मान आणि त्याचे ओझे धोंडीच्या मनावरून उतरत नाही. इतिहास म्हटला की आपल्याला वाटते तीनशे वर्षांपूर्वीचे काहीतरी. इथे तो जिवंत माणसाच्या घरात, भाऊबंदकीत बसलेला दिसतो. ‘जैत रे जैत’ ही कादंबरी ठाकर लोकांची. तिच्यावर १९७७ साली निघालेला सिनेमा तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. त्यातली गाणी तर बायकांना पाठ आहेत. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडी बोलीत लिहिली आहे. ‘पडघवली’ कोकणातली, तर तिथे कोकणी माणूस बोलतो. म्हणजे लेखक जिथे गेला तिथली भाषा उचलून आला.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ज्यांच्याकडून हे शब्द घेतले, त्या माचीवरच्या आणि वाडीवरच्या कितीतरी माणसांना अक्षरओळख नव्हती. पुस्तक झाले, शहरात विकले गेले, बक्षिसे मिळाली. ज्यांच्या तोंडचे शब्द त्यात आहेत, त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता आले नाही. हा दोष लेखकाचा नव्हे. पण म्हणूनच तुमच्यासारखा माणूस वाचायला बसतो तेव्हा मला आनंद होतो. पुस्तकातला मावळा चुकीचे बोलला, नांगराची दोरी चुकीची बांधली, ज्वारी नको त्या महिन्यात काढली, तर ते तुम्ही पकडाल. शहरातल्या वाचकाच्या ते ध्यानात येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खरे किती आणि रचलेले किती?

तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कोंढाणा घेताना ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते पडले. हे झाले खरे. शिवाजी महाराजांच्या पश्चात १६९७ साली कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजीला बसून बखर लिहिली. बखर म्हणजे त्या काळच्या पद्धतीने लिहिलेली हकीकत. तिच्यात तानाजी आहेत, कडा चढणारे मावळे आहेत, लढाई आहे. पण घोरपड नाही. मग यशवंती घोरपड आली कुठून? ती आली पोवाड्यातून. शाहिराने गर्दीपुढे डफावर गोष्ट सांगितली, तेव्हा कड्यावर चढायला घोरपडीच्या शेपटीला दोर बांधला. पुढे १९०३ साली पुण्याच्या हरी नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि ही गोष्ट घरोघर गेली. आपटे हे मराठी ऐतिहासिक कादंबरीतले फार मोठे नाव. त्यांच्याच वाटेने पुढचे पुष्कळ लेखक गेले.

बघा, एकाच रात्रीची हकीकत, आणि तिचे तीन थर. बखर, पोवाडा आणि कादंबरी. बखरही सत्तावीस वर्षांनंतरची आहे, हे विसरू नका. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या आपल्या गावच्या भांडणाची हकीकत आज दोन भाऊ सारखी सांगत नाहीत. म्हणून अभ्यासक काय करतात? त्याच वेळचे पत्र, हुकूम, हिशेबाचा कागद मिळतो का ते शोधतात, दोन कागद एकमेकांशी ताडून बघतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, १९१० सालापासून, हेच काम चालत आले आहे. कादंबरीकार त्या कागदांचा आधार घेतो. पण दोन कागदांच्या मध्ये जी रिकामी जागा राहते, ती तो मनाने भरतो. मावळ्याच्या बायकोला त्या रात्री झोप लागली का, हे कुठल्याच कागदात नसते. ते कादंबरीकार लिहितो. त्याला खोटे म्हणू नका, आणि पुरावा म्हणून कोर्टातही नेऊ नका.

दांडेकर ती रिकामी जागा कशाने भरत? पायांनी पाहिलेल्या जागेने आणि कानांनी ऐकलेल्या माणसांनी. त्यांचा मावळा जे बोलतो ते तीनशे वर्षांपूर्वी कुणी ऐकून ठेवलेले नाही. पण आजचा मावळातला माणूस तसे बोलतो, हे लेखकाने स्वतः ऐकलेले आहे. कधी कधी त्यांचे मन भक्तीने भरून येते आणि माणसे जरा जास्तच चांगली होतात, असेही मला वाटते. गावात इतकी भली माणसे एकदम भेटत नाहीत! तेवढे वाचताना ध्यानात ठेवावे.

हे सारे लांबच्या मावळातले झाले. आपल्या दक्षिणेला डोंगराची रांग दिसते, तिच्यात भुलेश्वर आहे. श्रावणात तुम्ही तिथे जाता. देवळाभोवती जुने बुरूज आणि तट आहेत, ते कशाचे, हे कुणी विचारले का? तो दौलतमंगळ किल्ला. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने तो १६३० च्या सुमारास बांधला. याच मुरार जगदेवाने पुणे जाळले, तिथे गाढवाचा नांगर फिरवला, अशी कथा आहे. त्याच वेळी या मुलखात मोठा दुष्काळ पडला होता. पुढे जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या, आणि सोन्याचा नांगर फिरवून वस्ती पुन्हा सुरू केली, असे सांगतात. पुणे उद्ध्वस्त झाले, दुष्काळ पडला, हे पक्के आहे. नांगराच्या गोष्टी परंपरेने आलेल्या. स्वराज्याच्या आधी रयतेची जी दैना होती, ती ‘बया दार उघड’ मध्ये आहे. तुम्ही ते पुस्तक वाचाल तेव्हा भुलेश्वरचा डोंगर डोळ्यापुढे ठेवा. त्या दैनेचा एक साक्षीदार तुमच्या रोजच्या नजरेसमोर आहे.

आणि आणखी एक. तुमच्या शिवारात शेतांना, ओढ्यांना, बांधांना, विहिरींना नावे आहेत. एखाद्या शेताला पट्टीचे नाव असते, एखाद्या विहिरीला ती खणणाऱ्या माणसाचे, एखाद्या जागेला तिथे पूर्वी उभ्या असलेल्या झाडाचे. सातबाऱ्यावर जमीन ओळखायची ती गट नंबरावरून. कालवा आला, ऊस आला, बांध मोडले, झाडे गेली. आता नाव सांगणारी म्हातारी माणसे राहिली आहेत, तीही किती दिवस? पुढे कुणाला या भागावर लिहायचे झाले, तर तो कुणाला विचारणार? दांडेकर अशा नावांसाठी डोंगर चढले. तुमच्याकडे ती घरात आहेत, आणि आता तुम्हाला लिहिताही येते. वहीत एका पानावर एक नाव लिहा. खाली लिहा की हे नाव कुणी सांगितले आणि त्याचे कारण काय सांगितले. कारण दोन जणांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहा. आपल्या मनाचे तिसरे घालू नका.

दांडेकर १९९८ साली वारले. त्यांच्या कन्या वीणा देव आणि घरची मंडळी त्यांच्या कादंबऱ्या पुढे अनेक वर्षे गावोगावी लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखवीत. वीणाताई २०२४ साली गेल्या. मोठ्याने वाचणे आपल्याला जमण्यासारखे आहे. पेटीत ‘पवनाकाठचा धोंडी’ची एक प्रत आहे. ती एकाने घरी नेऊन ठेवू नये. ज्यांचे वाचन सुधारले आहे त्यांनी रोज चार पाने वर्गात वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावे. अडलेला शब्द फळ्यावर लिहावा. आजीबाई, तुम्हाला डोळ्यांनी दिसत नसले तरी तुम्ही आलेच पाहिजे. जुने शब्द अडतील तेव्हा अर्थ तुम्हीच सांगायचा आहे.

येत्या रविवारी भुलेश्वरला जायचे ठरले आहे. सकाळी सहाला शाळेपुढे जमा. भाकरी आणि पाणी ज्याचे त्याने आणावे. वही आणि पेन्सिल विसरू नका. देवदर्शन झाल्यावर आपण तटाच्या कडेने फिरणार आहोत.